लढाईवरून आलेली पत्रं: कागदाआधी आत्यांकडे बसा

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचे आजोबा १९४१ ते १९४६ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, आधी मध्यपूर्वेत आणि मग इटलीत. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत साठ-पासष्ट पत्रं, मनिऑर्डरची कूपनं, तीन फोटो आणि एक खिशात मावणारी वही निघाली. काही पत्रं मोडीत आहेत. मुलानं हौसेनं एक पत्र लॅमिनेट करून आणलं, आता उरलेलीही करू म्हणतोय. काकांचं म्हणणं, संग्रहालयाला देऊन मोकळे व्हा. आजोबांच्या थोरल्या लेक, म्हणजे ताईंच्या आत्या, ८६ वर्षांच्या आहेत आणि गावी असतात. ताई विचारतात, सुरुवात कुठून करू?

आत्यांपासून करा. ट्रंक पुन्हा बंद करा आणि कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. हे कागद ऐंशी वर्षं टिकलेत, आणखी दोन महिने ते कुठं जात नाहीत. माझं पोट जुने कागद दुरुस्त करण्यावर चालतं, तरी हेच सांगतोय. फाटलेलं पत्र मी बऱ्यापैकी जोडून देऊ शकतो. पण त्यातलं 'ते काम' म्हणजे कोणतं काम आणि 'आपला दादू' म्हणजे कोण, हे सांगणारं माणूस गेलं की मी काहीच करू शकत नाही.

एका घरातल्या पत्रात ओळ होती, 'थोरल्याला विचारल्याशिवाय काळी देऊ नये.' नातवंडांनी अर्थ लावला काळी म्हणजे जमीन. पत्रांच्या नकलेत तशी टीपही घातली, भावकीतल्या वादाचा सगळा इतिहास त्यावर रचला. पुढं नव्वदीच्या एका मावशींना ते पत्र वाचून दाखवलं तर त्या हसायलाच लागल्या. काळी ही म्हैस होती. दुधाला चांगली होती आणि शेजारचा मागत होता. मग त्या पाऊण तास म्हशीवर बोलल्या, आणि त्या बोलण्यात नवरा लढाईवर असताना घर कसं चाललं ते सगळं येऊन गेलं. 'युद्धकाळाबद्दल सांगा' असं विचारलं असतं तर 'काय सांगायचं, दिवस काढले' एवढंच मिळालं असतं.

तेव्हा आत्यांकडे जाताना सगळी ट्रंक नेऊ नका. चार पत्रांचे मोठे प्रिंट काढा आणि जोडीला एक फोटो घ्या. मूळ पत्रं घरीच राहू द्या; चहाचा कप, नातवाचे हात आणि डोळ्यांतलं पाणी या तिन्हींपासून ती लांबच बरी. पत्र तुम्ही मोठ्यानं वाचा आणि मध्येच थांबा. आत्या आपणहून बोलतील. प्रश्न वस्तूंवरून विचारा. पत्र आलं की कोण वाचून दाखवायचं, मास्तर की पोस्टमन? आजी त्या वेळी कुठं उभी असायची? उत्तर कोण लिहायचं? मनिऑर्डर कुणाच्या नावानं यायची, सही की अंगठा? वडील परत आले त्या दिवशी तुम्ही त्यांना ओळखलं का? आत्या तेव्हा सहा-सात वर्षांच्या असणार. त्या वयातल्या मुलीला बूट आठवतात, पेटीचा वास आठवतो, आणलेल्या डब्यावरचं चित्र आठवतं. त्यांना लढायांची नावं विचारू नका, ती दुसरीकडे मिळतात. आजी जात्यावर काय म्हणायची ते मात्र जरूर विचारा. नवरा परमुलखात असताना बायका जे कुणापाशी बोलल्या नाहीत ते पुष्कळदा ओवीत उतरलेलं असतं.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. तो घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. माझ्याकडे एका माजी सैनिकांच्या दोन तासांच्या बोलण्याची ध्वनिफीत आहे, तिच्यात त्यांच्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. ते आज नाहीत. चूक माझीच होती; उन्हाळ्यात वयस्कर माणसाला पंखा बंद करा म्हणायचा मला संकोच वाटला. सकाळी लवकर बसलो असतो तर प्रश्नच आला नसता. सुरुवातीला तारीख, गाव आणि समोरच्या माणसाचं नाव बोलून घ्या. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरेत. खोलीत गर्दी नको, विशेषतः बायकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारे पुरुष नकोत. लिहून काढताना आत्यांची बोली तशीच ठेवा. त्या 'आलता', 'गेलता' म्हणाल्या तर 'आला होता', 'गेला होता' करू नका. त्यांची आठवण आणि पत्रावरची तारीख जुळली नाही तर दोन्ही नोंदवा, कुणाचंच खोडू नका.

आता पत्रांकडे. लढाईवरची पत्रं वाचायची एक रीत आहे. ती ठाऊक नसली की घरचे लोक निराश होतात, 'यात काहीच नाही, नुसती खुशाली' म्हणून बाजूला ठेवतात. पत्र सेन्सॉर होऊन जायचं, त्यामुळे ठावठिकाणा लिहायची सोय नव्हती. पुष्कळ शिपायांची पत्रं दुसऱ्यानं लिहून दिलेली असायची आणि घरी तिसऱ्यानं वाचून दाखवलेली. नवरा-बायकोच्या मध्ये इतकी माणसं असल्यावर मनातलं कागदावर येणार कसं? म्हणून 'सा. न. वि. वि.', 'इकडील सर्व क्षेम', 'काळजी नसावी' हा ठरलेला मायना. पण मायना कुठं मोडतो ते बघत जा. एरवी 'मुलांना आशीर्वाद' एवढंच लिहिणारा माणूस एखाद्या पत्रात मुलीचं नाव घेऊन 'तिला शाळेत घालावे' म्हणतो. एरवी न चुकता विचारलेली बैलांची खुशाली एखाद्या वेळी विचारायचीच राहते. त्या पत्राची तारीख बघा आणि त्या सुमारास पलटण कुठं होती ते शोधा.

आणि ते शोधता येतं. पाकिटावर एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा, आकडा असलेला शिक्का असतो. शत्रूला जागा कळू नये म्हणून गावाच्या नावाऐवजी आकडा. पण कोणता आकडा कोणत्या महिन्यात कुठं होता याच्या याद्या तिकीटसंग्राहकांनी नंतर खपून तयार केल्यात. आकडा आणि तारीख, दोन्ही वाचता आली की 'इकडील क्षेम'मधलं इकडं म्हणजे कुठं ते बहुतेक वेळा उलगडतं. म्हणून पाकिटं फेकू नका. पत्र जपून पाकीट टाकून देणारी घरं मी इतकी पाहिलीत की आता रागसुद्धा येत नाही.

तुमच्या आजोबांची पलटण, म्हणजे बटालियन, कोणती हे आधी पक्कं करा, कारण एकाच रेजिमेंटच्या पलटणी वेगवेगळ्या रणांगणांवर होत्या. तिसरी पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला लढली आणि पुढं इटलीत गेली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव पहिल्या पलटणीचे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या लढाईतला. दुसरी पलटण जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. त्या पलटणीतल्या माणसाची पत्रं त्यानंतर युद्धकैद्यांच्या छापील फॉर्मवर येतात, किंवा येतच नाहीत. खंड कुठं पडला तेही लिहून ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या घरांत असाच खंड १९१५ च्या डिसेंबरात सुरू होतो, कारण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटला वेढा पडला होता आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली. आत मराठा पलटणीही होत्या.

पत्रांचा बिंडा, म्हणजे गठ्ठा, अचानक संपत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाईट बातमीचं पत्र घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणून सगळ्यात महत्त्वाची तार बहुतेक घरांत मिळत नाही. तुमचे आजोबा सुखरूप परत आले, पण गावात ज्यांच्या घरचे आले नाहीत त्यांनी पेन्शनचे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचं रेकॉर्ड ऑफिस या वाटा धराव्यात. युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या इंटरनेटवर बघता येतात. तिथं आडनावावर फार विसंबू नका. साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, कित्येकदा आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. शिपाई नंबर आणि गाव यांवरून शोधा.

मोडीतली पत्रं बहुधा गावाकडून आजोबांना गेलेली असतील आणि त्यांनी ती परत आणली. खरं असेल तर तुमच्या ट्रंकेचं मोल फार वाढतं, कारण शिपायाला गेलेलं पत्र सहसा टिकत नाही, ते चिखलात, खंदकात, बोटीवर जातं. त्यांच्या घड्या बघा. खिशात ठेवलेल्या कागदाला चार-चार, आठ-आठ घड्या असतात आणि कडा घामानं काळ्या झालेल्या असतात. मोडी वाचणारी मंडळी आजही आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर वाट सापडेल. वाचणाऱ्याला मूळ कागद देऊ नका, चांगला स्कॅन द्या. तारीख मितीनं असेल तर शकात ७८ मिळवा. 'श्रावण, शके १८६६' म्हणजे १९४४ चा श्रावण. पौष ते फाल्गुनात मात्र इंग्रजी साल बदललेलं असू शकतं, तेवढं सांभाळा.

मनिऑर्डरच्या कूपनांना लोक पावत्या समजतात. पण त्या इवल्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असे, आणि शिपाई तिथं थेट मुद्द्यावर येई. 'पाच रुपये सावकारास, उरलेले बियाणास' अशा ओळी पत्रात क्वचितच मिळतात. पत्रांच्या मागची पेन्सिलीची गुळा-रॉकेलाची उधारी, पोरांनी ओढलेल्या रेघा, हेही पुसायचं नाही. ते घर तिथंच दिसतं.

अशी पत्रं मुळात किती थोडी उरलीत तेही काकांना सांगा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला वेगळं सेन्सॉर ऑफिस होतं. त्यानं निवडक पत्रांतले उतारे इंग्रजी करून अहवालात घातले आणि ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या शिपायांचं मोजकं बोलणं जे जगापुढं आहे ते बहुतांशी असं उसन्या इंग्रजीत आहे. मुळातली पत्रं आपापल्या वाटेनं गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. इराकात बसऱ्याच्या स्मारकावर तर गोऱ्यांची नावं कोरली आणि हजारो हिंदी शिपायांचा पलटणीमागं नुसता आकडा लिहिला. शिपायाचे स्वतःचे शब्द, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या घरात सापडणं ही साधी गोष्ट नाही.

आता कागद. बिंडा सोडण्याआधी आहे तसा फोटो काढा. वर कोणतं पत्र होतं, कशानं बांधलं होतं, कशात काय खुपसलं होतं, सगळं दिसू द्या. आजीनं तारखेनं न लावता वेगळ्याच हिशेबानं पत्रं लावली असतील तर तो हिशेब आधी समजून घ्यायचा, मग हवी तर तारखेनं यादी करायची. प्रत्येक पत्राला क्रमांक द्या, मागच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. पेन नको, स्टिकर नको.

पाण्याचं सगळ्यात जपा. त्या काळचे शिपाई पुष्कळदा कॉपिंग पेन्सिल वापरत. सुकी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते आणि ओल लागली की जांभळी होऊन पसरते. मी या धंद्यात नवा होतो तेव्हा एका पत्राच्या घड्या सरळ करायला त्याला थोडी वाफ दिली. करड्या ओळी माझ्या डोळ्यांदेखत जांभळ्या होत गेल्या आणि खालच्या चार ओळींचा एक डाग झाला. पत्राच्या मालकांनी मला काही म्हटलं नाही, पण ते पत्र मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या पत्रात एखाद-दुसऱ्या अक्षराभोवती जांभळी झाक दिसत असेल तर तीच ही पेन्सिल. ओलं फडकं, वाफेची इस्त्री, थुंकी लावलेलं बोट, काहीही जवळ नेऊ नका. घड्या हातानं उघडतील तेवढ्या उघडा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा आणि आठवडाभर विसरा.

टाचण्या गंजल्या असतील तर ओढू नका. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवा. सेलोटेप नको. त्याचा डिंक पिवळा पडून तेलकट डाग कागदात मुरतो आणि वरची पट्टी गळून पडते. कागद हाताळायला हात धुऊन पुरते कोरडे करा. पांढरे हातमोजे टीव्हीवर छान दिसतात, पण त्यांत बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटते. फोटो हाताळताना मात्र मोजे घाला. तुमच्या ट्रंकेत तळहाताएवढ्या चकचकीत कागदावर बारीक अक्षरातलं पत्र असेल तर तो एअरग्राफ. मूळ पत्राचा फिल्मवर फोटो काढून फिल्म विमानानं पाठवत आणि इकडे तिच्यावरून छापत. तो फोटोच समजून फोटोंबरोबर ठेवा.

बुरशी दिसली तर तो कागद वेगळा करा आणि सावलीत वारं लागेल असा सुकवा. ऊन दाखवायची आपली जुनी सवय धान्याला ठीक, शाईला नाही. सुकल्यावर घराबाहेर, नाकाला एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशनं झटका. हे सगळं काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात ट्रंक उघडूच नका.

ठेवायला भारी सामान लागत नाही. आपल्याकडची जुनी दप्तरं रुमालात बांधून टिकली, तीच रीत आजही चालते. मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा, कारण खळीवर कसर येते. प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदाच्या घडीत, घड्या पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटी या कापडात. आम्लविरहित कागद मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन मिळतो. वास येणारी मऊ प्लॅस्टिकची फोल्डरं टाळा. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी नकोत. वेखंडाची पुरचुंडी हवी तर कोपऱ्यात ठेवा, पण भिस्त तिच्यावर न ठेवता वर्षातून दोनदा उघडून बघण्यावर ठेवा.

स्कॅन रंगीत करा, निदान ४०० डीपीआयवर (स्कॅनरमधलं बारकाईचं माप), शक्य तर टिफ या फाइलप्रकारात. मागची कोरी बाजूही घ्या आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू घ्या. मोबाइलची स्कॅन ॲपं आपणहून काळं-पांढरं करतात आणि त्यात सेन्सॉरचा फिकट शिक्का नाहीसा होतो, ते बंद करा. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, मग पत्राचा क्रमांक. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबून बारीक होतं. आणि सगळी पत्रं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी एकदा स्वतः वाचून काढा. कर्ज, संशय, कुणाच्या तरी लग्नाचं मोडणं, असं एखाद्या पत्रात निघतंच. ते फाडायचं नाही, पण अमुक वर्षांपर्यंत कुणाला दाखवायचं नाही असं पाकिटावर लिहून वेगळं ठेवता येतं.

काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पुढच्या पिढीत कुणी बघणारं नसेल तर द्यावं. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आहे, राज्य पुराभिलेख संचालनालय आहे, दिल्लीत युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे. देण्याआधी तिथं जाऊन त्यांची साठवणीची खोली बघा आणि लेखी करार करा: काय दिलं, प्रत कुणाला मिळणार, काय बंद राहणार. कागद ज्याच्याकडे आहे त्याचा कागद, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. तेव्हा आत्यांसकट सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि देणार असाल तर अख्खा संच द्या. 'चांगली दहा पत्रं' देऊन उरलेली वाटून घेतली की संच संपला.

राहिलं मुलानं लॅमिनेट केलेलं पत्र. त्याच्यावर ओरडू नका. एकेकाळी अभिलेखागारांतही सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक पापुद्रा आणि तो विरघळवून चिकटवणारं ॲसिटोन वापरून कागद असेच बंद करत, आणि तेव्हा ते शास्त्रशुद्धच मानलं जाई. पण दुकानातल्या गरम मशीनचा चिकट थर कागदात शिरलेला असतो. कडेनं कापून पत्र सुटत नाही, ओढलं तर शाईसकट वरचा पापुद्रा निघून येतो. तेव्हा ते सोडवू नका. स्कॅन करून घ्या, आडवं ठेवा, बाकीच्या पत्रांपासून वेगळं. पुढं कधी एखाद्या कागद-संवर्धकाकडे नेलंत तर त्यानं आधी कोपऱ्यातल्या अक्षर नसलेल्या जागी चाचणी करून दाखवावी, मगच पुढं हात लावू द्या. आजोबांनी ते पत्र कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर चाचणीही नको.